पहिलं नको लाजेचं

खालच्या मजल्यावरच्या सूनबाई परवा वर आल्या. त्यांना नवऱ्याबरोबर अमरावतीला कुणाच्याशा लग्नाला जायचंय. "आजी, तुमचं माहेर ना ते? तिथं बघण्यासारखं काय आहे? आणि चांगलं जेवायला कुठं मिळतं?"

बघण्यासारखं मी भराभरा सांगून टाकलं. अंबादेवीला जा, तिथून एकवीरेला जा. जुन्या गावाचा परकोट बघा, त्याच्या दरवाजांतून चालत आत-बाहेर करा, टांग्यातून नको. संध्याकाळी वडाळीच्या तलावावर जाऊन बसा. आता तिथं काय उरलंय देव जाणे, पण मी माझ्या वेळचं सांगितलं. जेवायला कुठं, म्हटल्यावर मात्र माझं तोंडच बंद झालं. हाच प्रश्न माझ्या नवऱ्यानं अमरावतीजवळच्या बडनेरा स्टेशनावर उतरल्या उतरल्या टांगेवाल्याला विचारला होता, आणि त्यापायी माझं सासर कायमचं तुटायची वेळ आली होती.

ही गोष्ट वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची. कारभार नागपूरहून चाले, म्हणून पुण्यात माझ्या सासूबाई मला बिनदिक्कत "आमची नागपूरकडची सून" म्हणत. नागपूरकडची! अमरावतीच्या माणसाला नागपूरकडचं म्हणणं म्हणजे काय, ते अमरावतीकरालाच विचारावं. पण नवी नवरी होते, गिळून टाकलं. गिळायला तेवढंच मिळत होतं असं म्हटलं तरी चालेल.

माझे बाबा भिक्षुकी करत. घर परकोटाच्या आत, अंबादेवीपासून हाकेच्या अंतरावर. भिक्षुकाला गावातली देवळं माहीत असतात त्याहून जास्त स्वयंपाकघरं माहीत असतात. कुणाकडचा वडाभात खावा, कुणाकडच्या पुरणात जायफळ जास्त पडतं, कुणाची कढी आंबट, हे सगळं बाबांना तोंडपाठ. परगावचा माणूस भेटला आणि त्यानं विचारलं, "महाराज, इथं जेवायची सोय?" तर बाबा त्याचा हात धरून सरळ कुणाच्या तरी घरात नेऊन बसवत. गावात खानावळी होत्या, नव्हत्या असं नाही. पण त्या सडेफटिंग कारकुनांसाठी आणि कोर्टकज्ज्याला आलेल्यांसाठी. ज्याला गावात एक ओळखीचं माणूस आहे त्यानं खानावळीत जेवायचं म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर थुंकणं, असा आमचा हिशेब.

आणि जेवायला बसवलं की आग्रह. आमच्याकडे पाहुणा "नको" म्हणाला तर ते कुणी ऐकतच नाही. आई म्हणायची, "पहिलं नको लाजेचं, दुसरं नको रीतीचं, तिसरं नको पोटाचं." तिसऱ्या नकोवर हात थांबायचा. त्याच्या आत थांबला तर घरच्या बाईला कंजूष म्हणत. उलट, पहिल्याच विचारण्याला "वाढा" म्हणणारा हावरट. आम्हा मुलांना हे कुणी शिकवलं नाही. चालायला शिकतात तसं ते आपोआप आलं.

आता ही मुलगी पुण्याला दिली. नवरा शाळेत गणिताचे मास्तर, अबोल, सज्जन. सासूबाई टापटिपीच्या. सासरे नव्हते. घरात भांडण नाही, टोमणे नाहीत, हात उगारणं तर दूरच. ह्यांचं झालं की सासूबाई आणि मी जेवायला बसायचो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "आणखी पोळी हवी?"

मी म्हणाले, "नको."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

मी ताटाकडे बघत बसले. वाटलं, आता म्हणतील, अगं घे गं. त्या उठून हात धुवायला गेल्या सुद्धा! बरं, त्यांचं काय चुकलं? त्यांनी विचारलं, मी नको म्हणाले. पुण्यात नको म्हणजे नको. दुसऱ्या दिवशीही तेच, भाताचं तेच, ताकाचं तेच. मी मनाशी ठरवायचे की उद्या पहिल्यांदाच "वाढा" म्हणायचं. पण वेळ आली की जीभ वळायचीच नाही. आयुष्यभर ज्याला हावरेपणा म्हटलं तो परक्या घरात कसा करायचा? त्यात सासूबाई शेजारणीला कौतुकानं सांगू लागल्या, "आमच्या सुनेला बाई खाण्याची म्हणून हाव नाही हो." झालं! आता तर तोंड उघडायचीच सोय राहिली नाही. दुपारी पोटात कावळे ओरडायला लागले की मी माठातलं पाणी पीत असे. सांगायचं तरी कुणाला, आणि काय? हे सकाळी शाळेत जात ते संध्याकाळी येत. त्यांच्यासमोर खाण्याचा विषय काढायचा म्हणजे त्यांच्या आईची कागाळी.

लग्नानंतर दीड वर्षानं दिवाळीला माहेरी आले. आईनं दारातच माझा हात हातात घेतला. बांगड्या मनगटावरून सरकत कोपरापर्यंत गेल्या. आई आत जाऊन रडली.

बाबांनी मला समोर बसवलं. "मारतात काय व तुले?"

"नाही."

"घालून-पाडून बोलतात?"

"नाही."

"उपाशी ठेवतात?"

इथं मी गप्प झाले. हो म्हटलं तरी खोटं, नाही म्हटलं तरी खोटं. काय सांगणार होते? बाबा, ते विचारतात, पण एकदाच विचारतात? बाबांनी माझ्या गप्प बसण्याचा जो अर्थ घ्यायचा तोच घेतला. "संपलं," म्हणाले. "पोरगी परत जात नाही." पुण्याला कळवलं की तब्येत बरी नाही, सध्या पाठवत नाही.

मला खरं विचाराल तर मला जायचं होतं. हा माणूस मला आवडला होता. शाळेतून येताना कोट झटकायच्या निमित्तानं खिशातली मोगऱ्याची पुडी फळीवर ठेवायची आणि आपण काही केलंच नाही अशा चेहऱ्यानं पाय धुवायला जायचं, असं त्यांचं होतं. मला त्यांच्याकडे जायचं होतं आणि मला भुकेची भीती वाटत होती. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या होत्या. इकडे माहेरचं खाऊन माझ्या अंगावर पुन्हा मूठभर मांस चढत होतं, आणि आई ते बघून बाबांना डोळ्यांनी म्हणत होती, पाहा, मी म्हणत नव्हते?

नाताळच्या सुट्टीत हे मला न्यायला आले. कळवून आले नाहीत. बहुधा कळवलं तर येऊ नका म्हणतील अशी धास्ती असावी. गाडी बडनेऱ्याला आली ती ऐन जेवणाच्या वेळी, आणि पुण्याचा माणूस न कळवता जेवणाच्या वेळी कुणाच्या दारात उभा राहत नाही. त्यांनी टांगेवाल्याला विचारलं, इथं चांगली खानावळ कुठं आहे? अमरावतीत येऊन बाजारातल्या खानावळीत जेवले, पान खाल्लं, आणि मग टांगेवाल्याला आमचा पत्ता सांगितला. तो टांगेवाला बाबांना चांगला ओळखणारा. आमच्या दारात घोडा थांबवून तो ओरडलाच, "म्हाराज, जवाई आले तुमचे! खानावळीत जेऊन आले!"

गल्लीतली सगळी दारं उघडली. आई "बाई बाई बाई" करत आत पळाली. बाबा ओट्यावर उभे राहिले. रागानं त्यांच्या कपाळाची शीर अशी फुगली की मला वाटलं, आता इथंच सगळं तुटतंय.

"काहून हो जवाईबापू? माह्या घरची चूल इझली होती काय?"

हे बिचारे बॅग हातात धरून उभे. "तसं नाही. आयत्या वेळी तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"त्रास!" बाबा म्हणाले. पण पाहुणा दारात आला होता आणि पाहुण्याशी पहिले तीन दिवस वाद घालायचा नाही, हा बाबांचा नेम. शत्रू असला तरी. त्यांनी ह्यांची बॅग स्वतः उचलली. मग आत येऊन, मी दाराआड उभी होते तर मला ऐकू जाईल असं दादाला म्हणाले, "तीन दिवस याले गाव दाखव. खाऊ-पिऊ घाल. चौथ्या दिवशी मी सांगतो काय सांगायचं ते, अन् एकटा पाठवतो."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याला जबाबदारी मिळाली आणि बाबांनी घरोघर निरोप धाडले. तुम्ही म्हणाल, रागावलेला सासरा असं कशाला करेल? अहो, तोच तर राग! खानावळीत जेवलास काय, आता बघ आमच्याकडे कसं जेवतात.

पहिल्या दिवशी सकाळी अंबादेवी, एकवीरा. तिथून वकिलांच्या घरी वडाभात. तो तुम्ही खाल्ला नसेल तर सांगते. गरम भातावर डाळीचे तळलेले वडे कुस्करायचे, वरून लसूण-हिंगाची चरचरीत फोडणी घालायची. हा असा पदार्थ की एक वाढणी खाल्ली तरी दुपार झोपेत जाते. ह्यांनी एक वाढणी खाल्ली आणि म्हणाले, "पुरे." वकिलीणबाईंनी दुसरी वाढली. "नको हो," म्हटलं तर तिसरी वाढली. ह्यांना वाटलं बाईंना कमी ऐकू येतं.

संध्याकाळी दादानं कापसाचा बाजार दाखवला. थंडीचे दिवस, कापूस भरलेल्या बैलगाड्यांची रांग परकोटाबाहेर लांबपर्यंत, जिनिंगच्या कारखान्यांचे भोंगे, हवेत रुईचे तंतू उडतायत, माणसांच्या मिशांवर बसतायत. हे मन लावून बघत होते. हा कापूस कुठं जातो, गाठ किती जड असते, सरकी वेगळी कशी करतात, असे नाना प्रश्न. दादाला हा माणूस पसंत पडायला लागला होता, पण तो तसं बोलणार कसा? तिथून एका गुरुजींकडे पाटवडी-रस्सा. ह्यांनी पानावर हात आडवा धरला. आमच्याकडे पानावर हात आडवा धरला तर तूप हातावर वाढतात. गुरुजींच्या आईनं तेच केलं. कोमट तूप ह्यांच्या बोटांतून ओघळून भाकरीवर पडलं, सगळे हसले, आणि हे हाताकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, तुपाची वाटी वेगळी. सांबारवडी, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. रात्री आमच्याच घरी डाळीचे वाफवलेले फुणके आणि कढी. दादा आत येऊन मला हळूच म्हणाला, "तुझ्या नवऱ्याचं पोट दुखून राहिलं. त्यानं मले इचारलं, तुमचे वडील माझ्यावर सूड घेत आहेत का?"

मला हसू आलं आणि मग हसता हसता रडू आलं. दीड वर्ष मी नको म्हणत होते आणि कुणी वाढत नव्हतं, आणि हा माणूस नको म्हणत होता आणि कुणी थांबत नव्हतं. माझ्या डोक्यात ते अगदी स्वच्छ दिसलं. पण सांगणार कसं? माहेरी चार माणसांत नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. हे ओट्यावर, मी स्वयंपाकघरात. येता-जाता एकदा त्यांनी एवढंच म्हटलं, "तब्येत सुधारली तुझी. इथलं पाणी मानवतं वाटतं." पाणी! माझ्या तोंडावर आलं होतं की पुण्याचंही पाणी पोटभर प्यालेय मी. पण आई मागे उभी होती.

तिसरा दिवस शेवटचा. बाबांचे एक यजमान माळी होते, गावाबाहेर त्यांचा संत्र्यांचा बगीचा आणि भाजीचा मळा. दर थंडीत ते आम्हाला रोडग्यांना बोलवायचे. शिधा त्यांचा, हात आमचे, कारण त्या वेळी आमच्यात दुसऱ्या जातीच्या हातचं शिजवलेलं चालत नसे. आज लिहिताना लाज वाटते, पण होतं ते असं होतं. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खरपूस भाजायचे, राख झटकायची, फोडून त्यात तूप ओतायचं, आणि सोबत मळ्यातल्या कोवळ्या वांग्यांची झणझणीत भाजी. सूनबाईंना मी हेच सांगायला हवं होतं. अमरावतीला जाऊन रोडगे न खाता येऊ नका, पण ते विकत घेऊन खायचे नसतात, कुणाच्या तरी मळ्यात बसून खायचे असतात.

पुरुषांची पंगत आधी बसली. ह्यांनी त्या दिवशी हाय खाल्ली होती, अर्ध्या रोडग्यावरच "नको" सुरू केलं आणि तरी तीन खाऊन उठले. मग बाबा आंब्याखाली लवंडले, दादा माळ्याशी बोलत बसला, आणि हे थोडं दूर बांधावर आमच्याकडे पाठ करून संत्रं सोलत बसले. आई आणि मी जेवायला बसलो.

"घे व अजून एक रोडगा," आई म्हणाली.

"नको."

"घे."

"नको व माय."

"घे म्हटलं ना!" आणि रोडगा पानात पडला. मी फोडला, तूप घेतलं, खाल्ला. मग भाजी. "नको." "घे." "नको ना." पडली. मी तीही खाल्ली, बोटं चाटून. भूकच तेवढी होती.

मी वर पाहिलं तर हे वळून आमच्याकडे बघत होते. बायका जेवत असताना तिकडे बघू नये, एवढी रीत त्यांना पक्की माहीत. तरी बघत होते. अर्धं सोललेलं संत्रं हातात तसंच. मग ते उठून चालत आमच्यापर्यंत आले, आणि आईनं घाईघाईनं पदर पुढे ओढला.

"ती नको म्हणाली ना?" त्यांनी आईला विचारलं.

"म्हणाली ना. मंग?"

"मग वाढलंत का?"

आईला हा प्रश्नच कळेना. "अहो जवाईबापू, पहिलं नको लाजेचं अस्ते, दुसरं रीतीचं, तिसरं पोटाचं. तिसरं कुठं म्हटलं तिनं?"

हे अर्धं संत्रं हातात धरून उभे राहिले. वर्गात फळ्यावर गणित अडलं की ते असेच उभे राहत असतील. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर, माझ्या आईसमोर, मला विचारलं, "आपल्या घरी तुला किती वेळा विचारतात?"

मी मान खाली घातली. रोडग्याचा घास तोंडातच राहिला. म्हणाले, "एकदा."

आईच्या हातातली पळी खाली पडली. ह्यांचा चेहरा असा झाला की मी तो अजून विसरले नाही. हे मटकन तिथंच मातीत बसले, धोतराचा विचार न करता. "दीड वर्ष," एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. पुरुषाला असं रडवेलं झालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

आंब्याखालून बाबा उठून आले. ते झोपले नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता ह्यांच्यावर तुटून पडतील, पण ते माझ्यावरच ओरडले, "अन् मले सांगितलं काहून नाई तू? मी या माणसाले राक्षस समजून राहिलो ना!"

"काय सांगू?" मीही ओरडले. बाबांवर आयुष्यात पहिल्यांदा. "की ते लोक चांगले आहेत, विचारतात, पण मला हो म्हणता येत नाही? तुम्हीच शिकवलं ना नको म्हणायला!"

बाबा दोन्ही हात कमरेवर ठेवून निखाऱ्यांकडे बघत उभे राहिले. मग एकदम हसायला लागले, आणि हसताना त्यांचा आवाज चिरकत होता. म्हणाले, "आपलेच दात अन् आपलेच ओठ, बाप्पा!"

ह्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मी घरी गेल्यावर आईला सांगतो."

सासूबाईंना काय वाटेल? की मी माहेरी जाऊन त्यांची निंदा केली? "नको! सांगू नका हो."

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "हे कितवं नको?"

आई तोंडाला पदर लावून हसली. पहिलंच होतं ते.

चौथ्या दिवशी बाबांनी सांगायचं ते सांगितलं नाही. त्यांनी माझी ट्रंक टांग्यात चढवली. ह्यांना फक्त म्हणाले, "पोरीले जपा. अन् पुढच्या खेपेले आधी घरी या. उपाशी या." टांगेवाला तोच होता, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा हसला.

वाटेत अकोल्याला उतरायचं ठरलं, कारण जठारपेठेत माझी मावशी राहायची. जावई अकोल्यावरून गेला आणि घरी आला नाही म्हटलं असतं तर तिनं बाबांशी बोलणंच टाकलं असतं. संध्याकाळी ह्यांनी मोर्णा नदीच्या काठावर फेरी मारली, राजेश्वराचं दर्शन घेतलं. बाळापूरची दगडी छत्री बघायची होती त्यांना, पण वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं पान मांडलं. आता हे शहाणे झाले होते. मावशीनं वरणफळांची पळी उचलली मात्र, हे एका दमात म्हणाले, "नको, नको, नको."

मावशीनं पळी तशीच पुढे नेली. "एका दमात तीन म्हटले तं आमी एकच धरतो, जवाईबापू."

गाडीत हे खिडकीबाहेर बघत मधूनच एकटेच हसत होते. मला मात्र हसू येत नव्हतं. पुणं जवळ येत होतं. हे चांगले, पण स्वयंपाकघर ह्यांचं नाही. जेवण झालं की हे ओसरीवर जाणार, आणि आत मी आणि सासूबाई आणि तो डबा.

पुण्याला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी, जेवायला बसायच्या आधी, ह्यांनी आईला सांगितलंच. मी पाणी भरत होते, भिंतीआडून ऐकू येत होतं. मग सासूबाईंचा आवाज, कातर झालेला. "म्हणजे मी सुनेला उपाशी मारलं म्हणतोस?"

"तसं नाही, आई."

"मी रोज विचारलं तिला. रोज! माझ्या ताटातलं काढून दिलं असतं मी तिला. तिनं एकदा हो म्हणायला काय झालं होतं?"

खरंच होतं ते. हातात कळशी घेऊन मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला वाटलं, झालं, हे घर मोडलं. बाबा मोडणार होते, ते आता मीच मोडलं.

ह्यांचं जेवण झालं. हे रोज पान खाऊन ओसरीवर जात, त्या दिवशी दारातच घुटमळले. सासूबाई म्हणाल्या, "जा तू," तसे गेले. मग आम्ही दोघी बसलो. त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी मला दोन पोळ्या वाढल्या, मी खाल्ल्या. माझा हात थांबला. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, पोळी हातात घेतली, माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघत, रागानं भरभर एका दमात म्हणाल्या, "घेतेस? घेतेस? घेतेस?"

असं विचारायला त्यांना कधी कुणी शिकवलं नव्हतं. लेकानं सांगितलं तीनदा विचार, म्हणून त्यांनी तीनदा विचारलं. मावशीच्या जठारपेठी कायद्यानं हे एकच विचारणं झालं. माझं पहिलं नको अजून बाकी होतं, लाजेचं.

मी म्हणाले, "वाढा."

सासूबाईंनी भिंतीवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं आणि पोळी माझ्या पानात ठेवली. मग न विचारताच तिच्यावर तूप घातलं, भरपूर.